भाडं फोनवर आलं, पण पैसे कुठे गेले?

मे २०२०चे शेवटचे दिवस. बेळगावातल्या शहापूरच्या एका रिक्षावाले मामांनी स्वतःची सीट आणि मागची सीट यांच्यामध्ये जाड पारदर्शक प्लास्टिक बांधलं होतं, जेवणाच्या टेबलावर घालतात तसलं. कर्नाटकात १९ मेपासून रिक्षा-टॅक्सीला परवानगी मिळाली होती, मागे दोनच प्रवासी बसवायचे या अटीवर. क्यूआर कोडचा कागद मामांनी आधी प्लास्टिकच्या आत, स्वतःच्या बाजूला चिकटवला. उन्हात प्लास्टिक चकाकायचं आणि कॅमेऱ्याला कोड दिसायचाच नाही. प्रवासी आपला फोन पुढेमागे करत बसायचा. तिसऱ्या दिवशी मामांनी कागद काढून प्रवाशाच्या बाजूला लावला, वरून सेलोटेप. सॅनिटायझरचे हात लागून लागून त्याचा एक कोपरा पार पांढरा पडला, तरी स्कॅन होत राहिलं. क्यूआरमध्ये माहिती थोडी जादाच भरलेली असते, म्हणून काही चौकोन पुसले तरी बाकीच्यांवरून कॅमेरा पत्ता जुळवून घेतो.

त्या रिक्षातून उतरताना मी पैसे पाठवले आणि म्हटलं, "झालं मामा."

"थांबा की वाईच. आलंय काय बघूदे."

अर्धा मिनिट आम्ही दोघं मास्क लावून एकमेकांकडे बघत उभे. त्या अर्ध्या मिनिटात आत काय चाललेलं असतं, ते आधी सांगतो. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

पैसे एका वाटेने, निरोप दुसऱ्या वाटेने

नोट हातात पडली की पैसेही मिळतात आणि मिळाल्याचं कळतंही, दोन्ही एकदमच. फोनवर या दोन गोष्टींची फारकत होते.

यूपीआय ही नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१६मध्ये सुरू केलेली व्यवस्था. फोनपे, गुगल पे, भीम ही तिच्यात शिरायची दारं. पैसे ॲपमध्ये ठेवलेले नसतात, ते बँकेतल्या खात्यातच असतात. समजा माझं खातं कॅनरा बँकेत आणि मामांचं स्टेट बँकेत. मी क्यूआर स्कॅन केला म्हणजे फक्त मामांचा यूपीआय पत्ता वाचला. माझ्या ॲपने तो पत्ता आणि रक्कम आपल्या जोडीदार बँकेमार्फत कॉर्पोरेशनकडे दिली. कॉर्पोरेशनने हा पत्ता कुठल्या खात्याचा ते शोधलं. मग कॅनरा बँकेने माझा पिन तपासून ८० रुपये वजा केले, स्टेट बँकेने मामांच्या खात्यात ८० जमा केले आणि दोन्ही बाजूंना 'झालं' असा निरोप गेला.

या साखळीत मामांचा फोन कुठेच नाही. तो बंद असला, घरी राहिला, अगदी विहिरीत पडला तरी पैसे खात्यात जमा होतात. फोन लागतो तो निरोपासाठी. निरोपाचा एसएमएस मात्र नेटवर्कच्या मर्जीने येतो, कधी लगेच, कधी पुढचं भाडं मारून झाल्यावर. त्या अर्ध्या मिनिटात मामा ज्याची वाट बघत होते ते पैसे एव्हाना पोचलेही असतील. त्यांना खात्री हवी होती.

लबाडी शिरते ती याच फटीतून. प्रवासी स्वतःच्या फोनवर हिरवी टिकमार्क दाखवतो आणि चालायला लागतो. तो जुना स्क्रीनशॉट असू शकतो, खोट्या ॲपवरचा देखावाही असू शकतो. दुसऱ्याच्या फोनवरचं चित्र ही पावती नव्हे. आपल्या ॲपमधली नोंद किंवा आपल्या खात्याची शिल्लक बघायची. आता बोलणारे साउंड बॉक्स आलेत, पण २०२०मध्ये बेळगावच्या रिक्षांत ते कुठले?

एक गोष्ट मात्र पाठ करून ठेवावी, इतकी महत्त्वाची: पिन लागतो तो पैसे देताना. घेताना कधीच नाही. "भाड्याचा ॲडव्हान्स पाठवतोय, पिन टाका म्हणजे जमा होईल" असं कुणी फोनवर म्हणालं तर तो तुमच्याच खात्यातून काढायला बसलाय. लष्करातला माणूस असल्याचं सांगून, कॅम्पात गाडी हवीय म्हणून असे फोन येतात. मिलिटरीचं गाव असल्यामुळे आपल्याकडे ते चटकन खरेही वाटतात.

ॲप हे नुसतं दार आहे, हे महामारीच्या तोंडावरच दिसलं होतं. ५ मार्च २०२०ला रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध आणले आणि फोनपेचे व्यवहार जवळजवळ दिवसभर अडकले, कारण तेव्हा फोनपे त्याच एका बँकेच्या आधाराने चालत होतं. लोकांचे पैसे आपापल्या बँकेत सुरक्षित होते. दुसरं ॲप उघडून तेच खाते जोडलं की काम होत होतं. ज्यांना हे ठाऊक नव्हतं ते दिवसभर "आमचे पैसे बुडाले काय?" म्हणून घाबरे झाले.

नोटेची भीती आणि खरा धोका

त्या वसंतात आमच्या गल्लीत दोरीवर नोटा वाळत घातलेल्या मी पाहिल्यात. काहींनी इस्त्री केली. रिझर्व्ह बँकही मार्चपासून डिजिटल व्यवहार करा म्हणून सांगत होती. पुढे अभ्यास होत गेला तशी ही भीती बरीच निवळली. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने एप्रिल २०२१मध्ये सांगितलं, की विषाणू असलेल्या पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने लागण होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहूनही कमी असते. बंद गाडीत एकाच हवेत अर्धा तास बसणं हा खरा धोका होता. काचा लावून एसी सुरू ठेवणाऱ्या टॅक्सीपेक्षा दोन्ही बाजूंनी उघडी रिक्षा बरी, हे तेव्हा कुणी ठासून सांगायला हवं होतं. आपण नोट धुण्यात गुंतलो होतो.

भीती चुकीच्या जागी बसली, पण सवय मात्र लागली. आकडे बघा. मार्च २०२०मध्ये देशभरात यूपीआयचे सुमारे १२५ कोटी व्यवहार झाले होते. एप्रिलमध्ये सगळं बंद, ते १०० कोटींवर आले. ऑक्टोबरमध्ये २०७ कोटी झाले. आणि नोटा कमी झाल्या काय? उलट २०२०-२१ या वर्षात चलनातल्या नोटांचं मूल्य १६.८ टक्क्यांनी वाढलं. उद्या बँक उघडेल की नाही कुणाला ठाऊक, म्हणून लोकांनी रोकड घरात धरून ठेवली आणि देण्याघेण्यासाठी फोन काढला. रिक्षावाल्यापर्यंत नोट पोचेना ती त्यामुळेही.

सिम कुणाचं, खातं कुठलं

"फोनवर घ्या की" म्हणणं सोपं. स्टँडवरच्या निम्म्या लोकांचं घोडं कुठे अडलं ते बघा.

यूपीआय सुरू करताना तुमच्याच फोनमधून एक एसएमएस जातो. त्यावरून बँक ओळखते, की खात्याला जोडलेलं सिम याच फोनमध्ये आहे. आता खातं उघडताना दिलेला नंबर कधीच बंद पडलेला, सध्याचं सिम मुलाच्या नावावर, आणि बँकेत नंबर बदलायला जावं तर दारात दोरी बांधून एकेकाला आत सोडतायत. नंबर जुळला तरी पिन ठरवायला तेव्हा एटीएम कार्ड लागायचं, आणि ते पाकिटातून उघडलेलंही नसायचं.

दुसरी अडचण खास आपल्या भागातली. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे माणसाचा खरा भरवसा सोसायटीवर. गल्लीतली पतसंस्था, ओळखीचा मॅनेजर, मराठीत बोलता येणारा क्लार्क. पण पतसंस्था ही बँक नव्हे, तिथलं खातं यूपीआयला जोडता येत नाही. म्हणजे ज्या खात्यात माणूस आयुष्यभर पैसे ठेवत आला तिथे फोनचे पैसे जातच नाहीत. ते जातात राष्ट्रीयीकृत बँकेतल्या त्या दुसऱ्या खात्यात, जे कर्जासाठी किंवा गॅसच्या अनुदानासाठी उघडलं होतं आणि मग विसरलं होतं. या विसरलेल्या खात्याकडे मी पुन्हा येणार आहे.

तिसरी अडचण नेटवर्कची. जांबोटी सोडून कणकुंबीच्या रस्त्याला लागलं की जंगलात फोनचे दांडे पडतात. तिथल्या ट्रॅक्सवाल्याला क्यूआरचा काय उपयोग? साध्या फोनवरून *९९# दाबून पैसे पाठवायची सोय आधीपासून होती, पण ती वापरणारा मला तरी भेटला नाही. साध्या फोनसाठीचं यूपीआय १२३पे आलं मार्च २०२२मध्ये, तोवर तिसरी लाटही ओसरली होती.

शिनोळीच्या अलीकडे आणि पलीकडे

फोनचे पैसे एका कामात नोटेपेक्षा कितीतरी सरस ठरले. गाडीत बसणारा आणि भाडं देणारा एकच माणूस असावा लागत नाही.

चंदगड तालुका महाराष्ट्रात, जिल्हा कोल्हापूर. पण तिथल्या माणसाला दवाखान्यासाठी कोल्हापूर लांब, बेळगाव जवळ. लॉकडाऊनमध्ये शिनोळी-बाचीची हद्द एकदम देशाची सीमा असल्यासारखी झाली. त्या बाजूची गाडी हद्दीपर्यंत यायची, पेशंट उतरून चालत अलीकडे यायचा, अलीकडच्या रिक्षात बसायचा. आमच्या ओळखीच्या एका रिक्षावाल्याने अशाच एका आजींना दवाखान्यात नेलं. मुलगा पुण्यात अडकलेला. आजी उतरल्या आणि कनवटीची नोट सोडायला लागल्या.

"आज्जी, तुझ्या लेकानं दिलं की मघाशीच."

"तो पुण्यात हाय नव्हं? कवा दिलं?"

त्याने फोन दाखवला. आजींना वाचता येत नव्हतं. त्यांनी फोनकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि तरीही दहाची नोट त्याच्या खिशात कोंबली. "च्या पी."

हे नोटेनं होत नाही. पुण्यातला मुलगा, मुंबईतली बहीण, गोव्यात कामाला गेलेला भाऊ यांना घरच्या आजारी माणसाचं भाडं तिथून देता यायला लागलं. फेब्रुवारी २०२१मध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्यांना आरटीपीसीआरचा निगेटिव्ह रिपोर्ट सक्तीचा झाला, कोगनोळी नाक्यावर गाड्या परत फिरायला लागल्या, तेव्हा टॅक्सीवाले निघण्याआधीच निम्मं भाडं फोनवर मागून घ्यायला लागले. नाक्यावरून परत यावं लागलं तरी डिझेलचे तरी सुटायचे.

आणखी एक बारीक गोष्ट. ८० रुपयांच्या भाड्याला १०० ची नोट दिली, की सुट्ट्यावरून वाद व्हायचा किंवा प्रवासी "असूदे" म्हणायचा. फोनवर बरोबर ८० येतात. वाद मिटला, "असूदे"चे रुपयेही गेले. दिवसाकाठी चहापाण्याचे निघतील एवढे ते असायचे.

संध्याकाळचे पैसे

आता त्या विसरलेल्या खात्याकडे. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे आणि याबद्दलच सगळ्यात कमी बोललं गेलं.

रिक्षावाल्याची रोकड शर्टाच्या खिशात असायची, आणि संध्याकाळी तो तिचे वाटे करायचा. आधी उद्याचं पेट्रोल. गाडी दुसऱ्याची असेल तर मालकाचं दिवसाचं. मग घरात भाजी-दुधाला. मग पिग्मी, म्हणजे रोजची थोडी थोडी बचत. आपल्याकडे पिग्मीवाला रोज स्टँडवर येतो, पन्नास-शंभर घेतो, नोंद करतो, जातो. ही पद्धत मूळची इथलीच. सिंडिकेट बँकेने १९२८मध्ये उडुपीकडे ती सुरू केली, दिवसाला दोन आणे इतक्या छोट्या रकमेपासून. (ती सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत विलीन झाली १ एप्रिल २०२०ला, ऐन लॉकडाऊनमध्ये. त्या गोंधळात कुणाला निरोप द्यायलाही सुचलं नाही.) आणि सगळ्यात शेवटी गाडीचा हप्ता. महिना वाईट गेला तर हप्ता चार दिवस उशिरा भरायचा, दंड सोसायचा, पण मुलाची फी आधी. आधी कुणाला द्यायचं हे तो स्वतः ठरवायचा.

भाडं खात्यात पडायला लागलं आणि हा क्रम उलटा झाला. गाडीसाठी कर्ज घेताना त्याने एका कागदावर सही केलेली असते: दर महिन्याच्या अमुक तारखेला माझ्या खात्यातून हप्ता परस्पर कापून घ्यावा. पूर्वी त्या खात्यात काही नसायचंच, तो हप्त्यापुरते भरायचा. आता रोजची भाडी तिथे साठतात आणि ५ तारखेला सकाळी कुणीही न विचारता हप्ता जातो. पेट्रोल नाही, भाजी नाही, आधी हप्ता. शिल्लक दोनशे रुपयांनी कमी पडली तर हप्ता परत जातो. मग बँक दंड लावते आणि कर्ज देणाराही लावतो. पूर्वी रविवारी किंवा सुट्टीला ही कापणी होत नसे. १ ऑगस्ट २०२१पासून ती आठवड्याचे सातही दिवस सुरू झाली.

रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना सवलत दिली होती, आधी मार्च ते मे २०२० आणि मग ऑगस्टअखेरपर्यंत. पण सवलत म्हणजे माफी नव्हे. थांबलेल्या महिन्यांचं व्याज चढतच होतं आणि हप्ते मागे सरकत होते. सप्टेंबरात कापणी पुन्हा सुरू झाली, तेव्हा शाळा बंद, लग्नसराई गेलेली, स्टँडवर दिवसाला चार भाडी. फोनवर रोज "जमा झाले" वाचणाऱ्या माणसाला महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खातं रिकामं दिसायचं. "आलेत म्हणतोय आणि मिळत तर नाहीत," असं एका रिक्षावाल्याने मला सांगितलं. तो मुळीच अडाणी नव्हता. पैसे खरोखरच आले होते आणि त्याच्या हाताला लागायच्या आधी गेलेही होते.

केनियात 'मोबाइल मनी' म्हणतात त्याची रचना वेगळी आहे, ती इथे बघण्यासारखी. तिथलं एम-पेसा २००७ पासून चालतं. बँकेत खातं नसलं तरी मोबाइल नंबरवर पैसे राहतात आणि कोपऱ्यावरच्या दुकानात नंबर सांगून त्याची रोकड मिळते. मार्च २०२०मध्ये तिथे एक हजार शिलिंगपर्यंतच्या व्यवहारावरचं शुल्क काही काळ माफ केलं होतं. आपल्याकडे यूपीआयवर दुकानदाराकडून शुल्क घ्यायचं नाही असा नियम १ जानेवारी २०२०पासूनच होता, त्या बाबतीत आपण पुढे. पण एम-पेसाचे पैसे बटव्यात राहिल्यासारखे असतात. आपले थेट बँकेच्या खात्यात, आणि त्या खात्यावर हक्क सांगणारे आधीच रांगेत उभे.

सरकारचे पाच हजार

मे २०२०मध्ये मुख्यमंत्री येडियुरप्पांनी रिक्षा-टॅक्सीचालकांना एकदाच ५,००० रुपये जाहीर केले. २०२१च्या दुसऱ्या लाटेत ३,०००. अर्ज सेवा सिंधू पोर्टलवर, कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत. मराठी शाळेत शिकलेला चालक सायबर कॅफेतल्या पोराच्या भरवशावर. लायसन्सवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. कन्नडमधून इंग्रजीत जाताना आपल्या आडनावांचं काय होतं ते सीमाभागात राहणाऱ्यांना सांगायला नको.

अर्ज मंजूर झाला तरी पैसे कुठल्या खात्यात? आधारवरून येणारे पैसे तुम्ही सांगाल त्या खात्यात जात नाहीत. तुमचं आधार सगळ्यात शेवटी ज्या बँकेने अनुदानासाठी जोडलं, तिथे जातात. नवं सिम घेताना अंगठा लावला आणि पेमेंट्स बँकेत खातं उघडलं गेलं, असं झालेल्यांचं २०१७मध्ये गॅसचं अनुदानही तसंच भलतीकडे गेलं होतं. आधारच्या वेबसाइटवर आपलं आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते फुकट बघता येतं. अर्ज करायच्या आधी बघायचं, नंतर नाही.

अडकलेल्या पैशांचंही सांगतो. प्रवाशाचे कापले गेले आणि तुमच्याकडे आलेच नाहीत, तर व्यक्तीच्या क्यूआरवर दुसऱ्या दिवसापर्यंत आणि व्यापारी क्यूआरवर पाच दिवसांपर्यंत ते आपोआप परत गेले पाहिजेत. उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये द्यायचे. हा रिझर्व्ह बँकेचा नियम सप्टेंबर २०१९चा आहे. फसवणूक झाली तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जायच्या आत फोन लागला, तर ते गोठवता येतात.

शहापूरच्या त्या मामांनी हप्त्यावर तोडगा काढला तो असा. दुसऱ्या एका बँकेत, जिथे त्यांचं कर्ज नाही, बिनशिलकीचं बचत खातं उघडलं. ॲपमध्ये पैसे घ्यायचं खातं बदलता येतं. मुलीने तिथे नवं खातं निवडून दिलं. क्यूआरचा कागद तोच राहिला, फक्त पैसे आता दुसरीकडे पडतात. दर रविवारी रात्री ते हप्त्याचा चौथा हिस्सा स्वतःच्या हाताने जुन्या खात्यात पाठवतात आणि ५ तारखेला तिथे कधी कमी पडत नाही. उरलेल्याचे वाटे पूर्वीसारखे संध्याकाळी. पिग्मीवालाही आता क्यूआर घेऊन येतो. मामा त्याला मात्र अजून नोटच देतात, सकाळच्या पहिल्या भाड्याची, मुद्दाम बाजूला ठेवलेली.